दोन स्टार आणि 'बारमाही' हा शब्द: वेंगेनच्या सहलीबद्दल आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू शनिवारी रात्री वाचला. लगेच एक उत्तर लिहिलं, पण ते रागात लिहिलं गेलं, म्हणून पुसलं. हे दुसरं.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. ताई, त्यांचे मिस्टर, मुलगा आणि सासू-सासरे नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात स्वित्झर्लंडमधल्या वेंगेन गावात आमच्या घरात पाच रात्री राहिले. त्यांचं म्हणणं असं: जाहिरातीत 'बारमाही डोंगरसहली' लिहिलंय आणि प्रत्यक्षात निम्मा डोंगर बंद. दुसऱ्या दिवशी छान ऊन असताना वरच्या युंगफ्राऊयोख खिंडीत न नेता खाली दरीत पायपीट करायला लावली. स्टेशनवरून सामान स्वतः ओढावं लागलं. आणि घरात फोडणी द्यायचीसुद्धा चोरी.

पहिली तक्रार अक्षरशः खरी आहे. पुण्याच्या ऑफिसातून तुम्हाला जो कार्यक्रम आला तो जूनचा होता. तारखा बदलून तोच पाठवला गेला. त्यात मॅनलिखेनवरून क्लाइन शायडेकपर्यंतची पायवाट होती, डोंगराच्या पोटातून कोसळणारे ट्रुमेलबाखचे धबधबे होते, शिनिगे प्लाटेची १८९३ सालची दातेरी रुळांची गाडी होती. नोव्हेंबरच्या मध्यावर यातलं काहीच चालू नसतं. मॅनलिखेनचा रोपवे देखभालीसाठी थांबलेला, धबधब्यांचं फाटक बंद, दातेरी गाडी ऑक्टोबरअखेरीसच शेडमध्ये गेलेली. तुम्ही रोपवेच्या स्टेशनपर्यंत चालत गेलात, दारावरची जर्मन पाटी फोनवर भाषांतर करून वाचलीत आणि मला फोन केलात. त्या फोनवर मी 'अहो, सीझन संपला ना' असं म्हणाले. ते मी बोलायला नको होतं. सीझन संपल्याचं तुम्हाला तिकीट काढण्याआधी सांगणं हे आमचं काम होतं.

इथे या दिवसांना 'त्स्विशेनसेझाँ' म्हणतात, म्हणजे दोन हंगामांमधली फट. अशी फट वर्षातून दोनदा येते. एक स्की संपल्यावर, साधारण एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत, आणि दुसरी ही नोव्हेंबरची. रोपवेचे दोर तपासतात, केबिनी उतरवून दुरुस्त करतात, हॉटेलवाले स्वतः कुठेतरी समुद्रावर जातात. गावात बेकरी उघडी मिळाली तरी नशीब. म्हणूनच आमचा नोव्हेंबरचा दर जुलैच्या जवळपास निम्मा असतो. हेही कागदावर लिहिलेलं नव्हतं. तुम्हाला ती घसघशीत सूट वाटली असणार, आणि त्यात तुमची काय चूक!

बारमाही हा शब्द मात्र मी काढणार नाही, त्याच्या खाली तळटीप घालणार आहे. आपल्याकडे नदीला बारमाही म्हणतात, पण म्हणून मे महिन्यात तिच्यात कोणी सूर मारत नाही. जानेवारीत इथे माणसांची रीघ असते. १९३० पासून चालत आलेली लाउबरहॉर्नची स्की शर्यत आमच्या डोक्यावरच्या उतारावर होते, जवळजवळ साडेचार किलोमीटर, आणि जिंकणारा अडीच मिनिटांच्या आसपास खाली पोचतो. त्या आठवड्यात मला स्वतःला घरी झोपायला जागा नसते. मे महिन्यात उंचावरच्या वाटा बर्फाखाली असतात, पण वितळणाऱ्या पाण्याने लाउटरब्रुनेनच्या दरीतले धबधबे असे भरून येतात की स्टाउबबाखच्या जवळपास तीनशे मीटर कड्याखाली उभं राहिलं की चष्मा पुसत बसावं लागतं. वरच्या वाटा जूनमध्ये केव्हातरी मोकळ्या होतात. जुलै-ऑगस्टला सगळे येतात, आणि दुपारनंतर विजांचा कडकडाटही येतो, म्हणून चालायचं ते सकाळी. माझं मत विचाराल तर सप्टेंबर. हवा स्थिर, गर्दी ओसरलेली, गळ्यात घंटा आणि डोक्यावर फुलं घातलेल्या गायी वरच्या कुरणांवरून खाली उतरत असतात. कासच्या पठाराला मार्चमध्ये नेऊन मला कोणी 'फुलांचं पठार' दाखवलं असतं तर मीही दोनच स्टार दिले असते.

आता दुसऱ्या दिवसाचं. इथे मात्र मी माघार घेणार नाही.

त्या सकाळी वेंगेनमध्ये ऊन होतं, हवा कोमट होती, तुमच्या मुलाने जॅकेट काढून कमरेला बांधलं होतं. तुम्ही लिहिलंय, 'इतकी स्वच्छ हवा असताना वर नेलं नाही.' ताई, नोव्हेंबरात ती कोमट हवा हाच इशारा होता. तिला इथे फन म्हणतात. दक्षिणेकडून येणारा वारा आल्प्सच्या पलीकडच्या अंगाला पाऊस-बर्फ टाकून मोकळा होतो आणि कोरडा होऊन आमच्या बाजूला उतरतो. उतरताना शंभर मीटरला साधारण एक अंश या हिशेबाने तापतो. म्हणून दरीत वसंत वाटतो आणि त्याच वेळी वरच्या धारेवर ढगांची भिंत उभी असते. युंगफ्राऊयोख ३,४५४ मीटरवर, नेमकं त्या धारेवर आहे. सात वाजता मी तुमच्या मिस्टरांना वरच्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवलं होतं. नुसता पांढरा चौकोन. त्यांना वाटलं नेट गेलंय. शेजारच्या खोऱ्यातलं मायरिंगेन गाव १८७९ आणि १८९१ असं दोनदा फनच्या वाऱ्यात जळालं. इथली माणसं या वाऱ्याला हसण्यावारी नेत नाहीत, मीही नेत नाही.

आणि तिकिटाचं. 'तिकिटाचे पैसे घेऊन नेलं नाही' हे वाक्य तेवढं कृपया दुरुस्त करा. कॅमेरा बघितल्याशिवाय आम्ही वरचं तिकीट काढतच नाही, कारण ते अतिशय महाग आहे आणि पाच माणसांनी ढगाचे फोटो काढण्यात अर्थ नाही. चौथ्या दिवशी आकाश मोकळं झालं, तेव्हा काढलं आणि आपण गेलो. त्या दिवसाबद्दल तुमच्या रिव्ह्यूत एक ओळही नाही, याचं थोडं वाईट वाटलं. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच असतो, त्यामुळे काका, म्हणजे तुमचे सासरे, चार पावलं टाकून थांबत होते. मग वरच्या स्फिंक्स वेधशाळेच्या गच्चीवर कठड्याला धरून उभे राहिले, कानटोपी वर सरकवली आणि समोरच्या 'आलेच' नावाच्या हिमनदीकडे बघत मला विचारलं, "ही वाहते का हो?" आल्प्समधली सगळ्यात लांब हिमनदी, सुमारे वीस किलोमीटर. म्हटलं, वाहते, फक्त आपल्याला दिसेल इतकी घाई तिला नाही. त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. खाली येताना गाडीत मात्र सगळ्यांना तेच सांगत होते.

दरीतल्या पायपिटीबद्दल अर्धी चूक माझी. लाउटरब्रुनेनहून श्टेखेलबर्गपर्यंतची वाट नदीकाठाने जवळपास सपाट आहे, म्हणून मी ती निवडली. पण वाटेवरच्या पिवळ्या पाटीवर लिहिलेली वेळ ही न थांबता चालणाऱ्या माणसाची असते. त्यात फोटो, चहा, बाळाचं 'पाय दुखतात' आणि काकूंचा गुडघा धरलेला नसतो. तुम्हाला तीन तासांच्या वर लागले. परत यायला बस असते आणि मधल्या कुठल्याही थांब्यावर ती पकडता आली असती, हे मी आधी सांगायला हवं होतं. यापुढे पाटीच्या वेळेची सरळ दुप्पट सांगणार.

सामानाचं असं की वेंगेनला मोटाररस्ताच नाही. खालून लाउटरब्रुनेनहून छोटी रेल्वेगाडी येते, बाकी गावात विजेवर चालणाऱ्या हातगाड्यांसारख्या गाड्या. आमचं घर स्टेशनपासून बारा मिनिटं, तेही चढाचं. स्टेशनवर आमची सामानाची गाडी उभी होती, पण तुमची पुढची रेल्वेगाडी चुकल्यावर तुम्ही कळवलं नाहीत आणि चालवणारा तासभर वाट बघून गेला. तासभर थांबला, हे लक्षात घ्या. पाच बॅगा, त्यात दोन फक्त खाण्याच्या. तरी काकूंना बॅग ओढावी लागली याची मला खरंच लाज वाटते.

फोडणीवर बंदी नाही! मी नाशिकची आहे, मलाही मोहरी तडतडल्याशिवाय जेवण उतरत नाही. धुराचा सेन्सर सबंध इमारतीला एकच आहे, त्यामुळे खिडकी उघडून, पंखा लावून फोडणी द्या एवढंच भिंतीवर लिहिलंय. रात्री दहानंतर शांतता हाही आमचा नियम नाही, इथला आहे. सव्वा दहाला पोह्यांची तयारी करताना खलबत्ता वाजला आणि खालच्या आजी वर आल्या, त्या रागावल्या नव्हत्या. त्यांची बोलायची पद्धतच तशी आहे. दुसऱ्या दिवशी मला विचारत होत्या, काय कुटत होते?

आता हिशेब. मॅनलिखेनच्या दिवसाचे पूर्ण पैसे आणि चुकीच्या कागदाबद्दल एका रात्रीचं भाडं तुमच्या खात्यावर सोमवारी पाठवलंय. ते मिळाल्यावर स्टार बदला असं मी म्हणणार नाही. युंगफ्राऊयोखच्या दिवसाचं काही परत करणार नाही, कारण तो दिवस तुम्हाला मिळालाय. वेबसाइटवर आता महिन्यागणिक काय चालू, काय बंद याचं पान टाकलंय. नोव्हेंबरच्या पानाची पहिली ओळ अशी आहे: 'शांतता हवी असेल तर या, रोपवे हवे असतील तर येऊ नका.'

शेवटचं एक. तुमच्या कुकरची शिट्टी आमच्या ओट्याखालच्या खणात सापडली. भाऊ डिसेंबरात पुण्याला जातोय, त्याच्याबरोबर पाठवते. तोवर डाळ कशात शिजवताय?