शाल नको, जॅकेट द्या

पावसाळा जवळ आला की आमच्या सांगलीकडच्या घरच्या ग्रुपवर दोन विषय हमखास निघतात. एक अलमट्टी, दुसरा होड्यांच्या शर्यती. अलमट्टी हे कृष्णेवरचं कर्नाटकातलं धरण; त्याच्या फुगवट्याने आपल्याकडे पूर वाढतो, अशी गावाकडे भीती. त्यावर सगळ्यांचं एकमत आहे: कर्नाटकाला धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ वर नेऊ द्यायची नाही. शर्यतींवर मात्र दोन तट पडतात. यंदा एका भाचीने लिहिलं की शर्यतीत उतरणाऱ्या प्रत्येकाला लाईफ जॅकेट सक्तीचं करा, क्लबांची रीतसर नोंद ठेवा, पोरांचा विमा उतरवा. त्यावर आतेभावाने टाकलं, ‘कृष्णेत वाढलेल्या पोरांना जॅकेट? उद्या म्हशींनाही घाला.’ सगळे हसले. मग मोर्चा माझ्याकडे वळला. ‘दादा, तू तिकडे कॅनडात वल्हं मारतोस म्हणे. तुमच्यात कसं असतं, सांग की.’

ग्रुपवर लिहायला गेलो तर लांबलं, म्हणून इथे.

मी टोरांटोजवळ राहतो आणि एका ड्रॅगन बोट क्लबचा सभासद आहे. लांबलचक, अरुंद होडी. दहा बाकांवर दोन-दोन असे वीस वल्हेकरी, नाकाशी ढोलवाला, शेपटीला उभा सुकाणूवाला. मूळ खेळ चिनी. छू युआन नावाच्या कवीने इसवी सनापूर्वी २७८ च्या सुमाराला नदीत जीव दिला, त्याला शोधायला लोकांनी होड्या काढल्या, अशी कथा सांगतात. आजच्या आंतरराष्ट्रीय शर्यती १९७६ ला हाँगकाँगने सुरू केल्या. टोरांटोच्या बेटावर १९८९ पासून दर जूनमध्ये जत्रा भरते. चिनी समाजाने इथे रुजवलेला हा खेळ आता सगळ्यांचा झालाय. माझ्या होडीत फिलिपिनो नर्सबाई आहे, जाफन्याचा तमिळ हिशेबनीस आहे, निवृत्त शाळामास्तर आहे आणि मी, सांगलीवाडीच्या घाटावर बसून होड्या बघत मोठा झालेला. मिश्र गटात वीसपैकी किमान आठ बायका लागतातच, तसा नियम आहे. कृष्णेतल्या शर्यतीच्या होडीत मी तरी अजून बाई पाहिलेली नाही, पण ते भांडण वेगळं.

हिवाळाभर जिममध्ये मशीनवर दोऱ्या ओढायच्या, कारण तळ्याच्या कडेला बर्फ असतो. मेमध्ये होड्या पाण्यात जातात. तेव्हाही पाणी असं असतं की हात बुडवला तर बोटं बधिर होतात. आतेभावासाठी मुद्दाम सांगतो: पहिल्या दिवशी वल्हं हातात यायच्या आधी दोन कामं होतात. पहिलं, एका कागदावर सही. बुडालो, मेलो, हातपाय मोडला तर क्लबवर दावा लावणार नाही, अशा अर्थाचं त्यात भरपूर काही असतं. दुसरं, मोजणी. पुढच्या बाकापासून मागे प्रत्येकाने आपला आकडा ओरडायचा. शेजारी बसलेला माणूस तुझी जबाबदारी. होडी उलटली तर आधी त्याला शोधायचं, मग दोघांनी होडीला धरून राहायचं, आकडे पुन्हा ओरडायचे आणि वीस पूर्ण झाल्याशिवाय कुणी काठाकडे पोहायचं नाही. चांगला पोहणाराही नाही. त्याला तर आमची प्रशिक्षक दोनदा बजावते, कारण पोहता येणारा माणूसच आधी होडी सोडतो.

कायदा इथे एवढंच म्हणतो की होडीत माणशी एक जॅकेट हवं, पाणी उपसायचं भांडं, शिटी आणि किमान पंधरा मीटरची तरंगती दोरी हवी. आमचा क्लब म्हणतो, जॅकेट अंगात हवं. सरावालाही आणि शर्यतीलाही.

शर्यतीचा दिवस म्हणजे पाचशे मीटर, आमच्यासारख्या हौशी गटाला अडीच मिनिटांच्या आसपास. त्यासाठी पहाटे उठून फेरी बोटीने बेटावर जायचं, तंबूत केळी खात बसायचं, नाव पुकारलं की रांगेत उभं राहायचं. सुरुवातीच्या रेषेवर होड्या सरळ करता करताच दहा मिनिटं जातात. वारा एका होडीला ढकलतो, तिला मागे घेईपर्यंत दुसरी पुढे सरकते. मग ‘अटेन्शन’, भोंगा, आणि पुढचं काही आठवत नाही. डोळ्यांपुढे फक्त पुढच्याचा खांदा. तीनशे मीटरनंतर दंडात गोळे येतात तेव्हा ढोलच तेवढा ऐकू येतो. आम्ही बहुतेक वेळा मधल्या फळीत येतो. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावरून जसा गलका उठायचा तसा इथे उठत नाही. लोक टाळ्या वाजवतात, पण एकमेकांना चुकवून. पुलावर सगळं गाव एका सुरात ओरडायचं, ते इथे नाही.

आता समाजसेवेकडे येतो, कारण गावाकडे ‘परदेशात लोक किती स्वयंसेवा करतात’ हे पालुपद दर भाषणात असतं. करतात, खरं आहे. आमचा क्लब एप्रिलमध्ये किनारा साफ करतो. बाटल्यांची झाकणं, सिगारेटची थोटकं, फोमचे तुकडे. मोठं काही नसतं, बारीक असतं आणि वाकून वाकून कंबर जाते. फूड बँकेत डबे निवडायला जातो. शर्यतींच्या दिवशी आपली होडी नसेल तेव्हा धक्क्यावर उभं राहून दुसऱ्यांच्या होड्या धरतो. पण यात पोरं का दिसतात तेही ऐका. ऑन्टॅरिओत चाळीस तासांची समाजसेवा केल्याशिवाय बारावीचा दाखला मिळत नाही. माझा मुलगा किनारा साफ करायला निघतो तेव्हा आधी विचारतो, ‘बाबा, किती तासांची सही मिळेल?’ मला त्यात वाईट वाटत नाही. सवय तशीही लागते. फक्त ‘तिकडचे लोक मुळातच चांगले’ असं म्हणू नका. इथे कामाचे तुकडे लहान केलेत, वेळ ठरवून दिलीय, आणि सहीची सोय आहे. दोन तास द्यायला अनोळखी माणूसही तयार होतो. गावाकडे आमच्या गणेश मंडळात काम करायचं तर दहा दिवस झोपायचं नाही, ही पहिली अट.

या खेळाचं मला सर्वांत आवडणारं काम एका डॉक्टरचं आहे. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या बायकांनी हाताला जोराचा व्यायाम दिला तर दंड सुजतो, असं पूर्वी मानत. १९९६ ला व्हँकुव्हरमध्ये डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी अशा चोवीस जणींना ड्रॅगन बोटीत बसवलं आणि तपासत राहिले. ती भीती खोटी निघाली. आज जगभर त्यांचे गुलाबी शर्टवाले गट आहेत. खेळाने शर्यतीबाहेर काय करावं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पण महापूर आला तर आमचा हा क्लब काय करेल? काही नाही. ८ जुलै २०१३ ला टोरांटोत एका संध्याकाळी १२६ मिलिमीटर पाऊस पडला. डॉन नदीच्या खोऱ्यात सुमारे १,४०० प्रवाशांची लोकल पाण्यात अडकली, डब्यांत पाणी शिरलं. पोलिसांच्या जलपथकाने रबरी होड्या आणून तासन्‌तास लोकांना बाहेर काढलं. शहरात वल्हं मारणारे हजारो असतील. त्यांना कुणी बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी कुठल्या क्लबच्या विम्यात ते बसलं नसतं.

सांगलीत उलटं आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ आहे. रस्ते पाण्याखाली, पथकं पोचायला वेळ लागलेला. तेव्हा गल्ल्यांमध्ये होड्या घालून म्हातारीकोतारी कुणी काढली? शर्यतीच्या पोरांनी. ज्यांना वर्षभर ‘नदीवर उंडारणारे’ म्हणून शिव्या खाव्या लागतात, त्यांनी. कुठल्या वळणाला ओढ लागते, कुठे विजेची तार पाण्याखाली असेल, कुठल्या गल्लीचं तोंड अरुंद आहे, हे त्यांना जेवढं माहीत तेवढं बाहेरून आलेल्या पथकाला माहीत असणं शक्यच नाही. पाणी उतरल्यावर त्यांचे सत्कार झाले. शाल, श्रीफळ, फोटो. २०२१ ला पुन्हा पूर आला आणि पोरं पुन्हा घरच्याच तयारीने उतरली.

त्याच २०१९ च्या पुरात, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी होडी उलटली. क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली होती. बाया गेल्या, लेकरं गेली. नदीकाठचंच गाव, नदीकाठचीच माणसं. आतेभावाचं म्हणणं आहे की ते प्रवासी होते, वल्हेकरी नव्हते. कसलेल्याला पाणी काही करत नाही. तर एप्रिल २०१८ मध्ये चीनच्या गुईलिनला दोन ड्रॅगन बोटी सरावाला निघाल्या आणि बंधाऱ्याखालच्या भोवऱ्यात उलटल्या. सतरा जण गेले. शर्यतीचे गडी होते. बहुतेकांच्या अंगात जॅकेट नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे: कृष्णाकाठचे बोट क्लब हे जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थेचा भाग आहेत, आज फक्त ते कागदावर नाहीत. ते मे महिन्यात कागदावर यावेत. कुठल्या क्लबकडे किती होड्या, कोण सुकाणू धरतो, कुठली गल्ली कुणाची, हे तहसील कचेरीत आधी लिहिलेलं असावं. केंद्राची ‘आपदा मित्र’ योजना २०१६ पासून आहे; स्वयंसेवकांना प्रशिक्षण आणि साहित्याचा संच देण्यासाठीच ती काढली, पुढे त्यात विमाही आला. तिच्यात सर्वांत आधी ही पोरं दिसायला हवीत. अलमट्टीचा प्रश्न मोठाच आहे, त्यावर भांडलंच पाहिजे. पण तो दोन राज्यांच्या, लवादाच्या आणि कोर्टाच्या हातातला. जॅकेट आपल्या हातातलं आहे, आणि त्यावर मोर्चा निघालेला मी ऐकला नाही.

आतेभावाच्या शंका खोट्या नाहीत. नोंदणी आली की पदाधिकारी येतात, पदाधिकारी आले की नेते येतात, आणि होडीवर क्लबच्या नावापेक्षा ‘सौजन्य’ मोठं होतं. हे मीही पाहिलंय. शिवाय इथली एक गोष्ट मी अजिबात उचलणार नाही: फी. आमच्या क्लबचा हंगाम काहीशे डॉलरना पडतो. ज्याच्या बापाला ते परवडत नाही त्याचं पोरगं कितीही रुंद खांद्याचं असलं तरी काठावरच राहतं. सवलती आहेत, पण फॉर्म भरून मागाव्या लागतात, आणि मागायला लाज वाटणारी माणसं सगळीकडे सारखीच. सांगलीवाडीत पोराच्या अंगात जोर दिसला की त्याला हाक मारून होडीत बसवतात. हे राहिलंच पाहिजे. विम्याचा हप्ता पोराने भरायचा नाही, जिल्हा नियोजनातून भरायचा. महापुरात त्याच्या होडीचा फायदा जिल्ह्याने घेतलाय.

जॅकेटने हात अडखळतो, ही दुसरी तक्रार. जाड, नारिंगी, सरकारी प्रवासी जॅकेट घालून वल्हं मारता येणार नाही, कबूल. वल्हेकऱ्यांचं जॅकेट वेगळं असतं, खांदे मोकळे ठेवून कापलेलं. कमरेला पट्ट्यासारखं बांधायचं, दोरी ओढली की फुगणारंही मिळतं. एक आठवडा नकोसं होतं, मग विसरायला होतं. आमच्यातला जाफन्याचा गडी पहिल्या महिन्यात रोज कुरकुरायचा. आता जॅकेट काढायचं विसरून तसाच गाडीत बसतो.

इथली आम्ही काही सांगलीकर मंडळी दोन होड्यांपुरती जॅकेटं पाठवायला तयार आहोत. हे ग्रुपवर टाकल्यावर आतेभाव बराच वेळ गप्प होता. मग लिहिलं, ‘पाठव. पण पुरात घालू. शर्यतीला नाही. लोक हसतील.’ मी नाही म्हटलं. जी वस्तू सरावात अंगावर नसते, ती रात्री दोन वाजता, दारात पाणी आलेलं असताना, माळ्यावर कुठे ठेवलीय हेही आठवत नाही. शर्यतीला घालणार असाल तरच पाठवतो. त्यावर अजून उत्तर आलेलं नाही. क्लबची बैठक जूनच्या पहिल्या आठवड्यात आहे, आणि भाची म्हणते की तिथे हा विषय तीच काढणार, कुणी बोलावलं नाही तरी.