'अँड' आलं की 'आय'च? साफ चूक आहे

'इंग्रजी सर्वनामांचे ४ सोनेरी नियम' हा मेसेज सगळीकडे फिरतोय. माझ्या भाचीने तो खरा मानला आणि वहीतली बरोबर वाक्यं खोडून चुकीची केली. ते पान पाहिल्यावर गप्प बसवेना.

पहिला नियम: 'अँड'नंतर नेहमी 'आय' (I) लिहा, 'मी' (me) म्हणणं अडाणीपणाचं. सगळ्यात जास्त घोळ यानेच घातलाय. भाचीने लिहिलं होतं, 'द टीचर गेव्ह रिया अँड मी अ बुक.' अगदी बरोबर. मेसेज वाचून तिने 'मी'वर काट मारली आणि वर 'आय' लिहिलं. आता या वाक्यातून रियाला काढा. 'द टीचर गेव्ह आय अ बुक' असं कोण म्हणेल? मराठीत 'बाईंनी रियाला आणि मला पुस्तक दिलं' असंच म्हणतो ना? इंग्रजीतलं 'मी' म्हणजे आपलं 'मला'. उच्चार मराठी 'मी'सारखा असल्याने गफलत होते, इतकंच. 'बिटवीन', 'फॉर', 'विथ' यांच्यापुढेही 'मी'च येतं. दुसऱ्याचं नाव आधी आणि आपला उल्लेख शेवटी, हा शिष्टाचार आहे, तेवढं त्या मेसेजचं मान्य. पण शिष्टाचाराने फार तर क्रम ठरेल. 'आय' की 'मी' हे कर्ता की कर्म यावरच ठरतं.

दुसरा: ओळख करून देताना 'मायसेल्फ' म्हणणं नम्रपणाचं. मुळीच नाही. ते आत्मवाचक सर्वनाम आहे, 'आय हर्ट मायसेल्फ' किंवा 'आय डिड इट मायसेल्फ' यांत शोभतं. ओळखीला 'आय अ‍ॅम रिया' पुरे, त्यात उद्धट काही नाही.

मालकी दाखवायला 'इट्स'मध्ये अपॉस्ट्रॉफी हवी, हेही चूक. 'हर्स'ला नाही, 'देअर्स'ला (theirs) नाही, तशी 'इट्स'लाही नाही. ती दिली की अर्थ 'इट इज' किंवा 'इट हॅज' होतो.

राहिलं 'दे'. एका व्यक्तीसाठी 'दे' वापरणं हे म्हणे आजकालचं फॅड. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत अशा वापराचं सर्वांत जुनं उदाहरण १३७५चं आहे! 'समवन हॅज लेफ्ट देअर अम्ब्रेला' म्हणताना छत्री बाईची की पुरुषाची हे ठाऊकच नसतं, मग दुसरं काय म्हणणार? 'यू'सुद्धा आधी अनेकवचनी होतं, एकट्याला 'दाउ' म्हणत. आपणही एकाच माणसाला 'तुम्ही' म्हणतो, 'बाबा आले' म्हणतो. परीक्षेत जुन्या वळणाचे शिक्षक पेपर तपासणार असतील तर खुशाल 'हिज ऑर हर' लिहा, पण 'देअर' लिहिणाऱ्याचे गुण कापायला व्याकरणाचा आधार नाही.