चौऱ्याण्णवचा फेरा

दिवाळीत मी घरच्या इंटरनेटचा पन्नासचा प्लॅन वाढवून तीनशे एमबीपीएसचा (सेकंदाला तीनशे मेगाबिट) घेतला आणि स्पीड टेस्ट दाखवायला लागली ९४. पहाटे ९४, रात्री ९४. दहावीला एवढे पडले असते तर बाबांनी अख्ख्या कोथरूडला पेढे वाटले असते.

कंपनीच्या माणसाने राउटरला स्वतःचा लॅपटॉप जोडून २९८ दाखवले आणि "घरातली केबल तुमची" म्हणत चपला घातल्या. केबल खरोखरच माझी होती; हॉल ते बेडरूम वीस मीटर, मीच टाकलेली.

तापकीर गल्लीतून क्रिम्पिंगची (केबलच्या टोकाला प्लग दाबून बसवायची) पक्कड, प्लग आणि टेस्टर आणला. आतल्या आठ तारांचा क्रम: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडप्याच्या मधे निळ्यांना का बसवायचं, विचारायचं नाही. सहा प्लग वाया घालवल्यावर सातवा बसला. स्पीड? ९४.

मग टेस्टर लावला. तारेला एक अशा आठ दिव्यांतला आठवा लागेना.

शंभर मेगाबिटच्या इथरनेटला (केबलवरच्या नेटवर्कला) आठ तारांच्या चार जोड्यांपैकी दोनच पुरतात, नारंगी आणि हिरवी. निळी आणि तपकिरी नुसत्या पाहुण्यासारख्या. १९९९ साली तांब्याच्या तारांवरच्या गिगाबिटचं (हजार मेगाबिटचं) मानक आलं आणि त्यांनाही कामाला जुंपलं: चारही जोड्यांनी प्रत्येकी २५० मेगाबिट वाहायचे, तेही दोन्ही दिशांनी एकाच वेळी. म्हणजे स्वतः बोलता बोलता समोरच्याचं ऐकायचं. (यातला पहिला अर्धा भाग आमच्या घरात सगळ्यांना जमतो.) एक तार तुटली की बरीच यंत्रं कुरकुर न करता शंभरावर उतरतात. त्यातून डेटाच्या पाकिटांचं वेष्टण वजा जाता हाती उरतात ते हे चौऱ्याण्णव.

केबल चाचपत निघालो. हॉलच्या दारावर खिळा. नेमका केबलमधून आरपार.

"बाबा, हा कोणी मारला?"

"मी. गणपतीत, तोरणाला. हलवून बघ, हलतो का!"

"केबलमधून गेलाय!"

"मग? दिवाळीपर्यंत कुणाची तक्रार होती का?"

नव्हती. पन्नासच्या प्लॅनला दोन जोड्या रग्गड होत्या.

खिळ्याला वळसा घालून नवी केबल टाकली. आता २९१ येतात. जुनी भंगारात टाकायला निघालो तर बाबांनी हातातून काढून घेतली. "आत तांबं आहे ना? मग फेकतोस काय?"

सध्या ती गॅलरीत या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत ताणलेली आहे. चार जोड्यांवर बाबांचे चार बनियन वाळतायत.