शटर पाडायलाही अक्कल लागते

आज सकाळी लालबागच्या नाक्यावर, दुकान बंद करून नोकरीला लागलेल्या आमच्या झेरॉक्सवाल्याला एकाने सगळ्यांसमोर विचारलं, "काय रे, शेवटी नोकरीच ना?" आणि फिदीफिदी हसला. पोराच्या गळ्यात नवं कोरं आयकार्ड, हातात डबा, गाडी पकडायची घाई. काही बोलला नाही. मला मात्र चहा गेला नाही.

अहो, शटर उघडायला एक नारळ पुरतो. कायमचं पाडायला काय काय लागतं माहितीये? जीएसटी नंबर रद्द करायला आरईजी-१६ हा अर्ज. उरलेल्या कागदाच्या रिमांवर, टोनरवर क्रेडिट, म्हणजे खरेदीत भरलेल्या जीएसटीची वजावट, घेतलं असेल तर ते परत भरा. मशीन ५ वर्षांच्या आतलं असेल तर त्याच्याही राहिलेल्या महिन्यांचा हिस्सा भरा. म्हणून आधी माल काढायचा, मग अर्ज. रद्द झाल्याची ऑर्डर आली की लोक सुटलो म्हणतात आणि जीएसटीआर-१० विसरतात. ते शेवटचं रिटर्न ३ महिन्यांत गेलं नाही तर नोटीस, वर दिवसागणिक लेट फी. व्यवसाय कराचं पीटीईसी, म्हणजे धंदेवाल्याची नोंदणी, रद्द केलं नाही तर तिकडे वर्षाला २५०० ची मागणी चालू आणि इकडे पगारातूनही कापणं चालू. गुमास्ता म्हणजे दुकानाची नोंदणी, उद्यम म्हणजे लघुउद्योगाची, ते वेगळंच.

या पोराने हे सगळं निस्तरलं. दोन्ही हेल्परांचा हिशेब चुकता केला, गाळामालकाशी भांडून डिपॉझिट सोडवलं. आणि ऐकायचं काय, तर "शेवटी नोकरीच"! हसणाऱ्याने जन्मात कुणाचा पगार केलाय का?

काही जण नुसते कंटाळूनही सोडतात. असतील बाबा.

जाऊ दे. ज्यांचं असंच काही चाललंय त्यांनी एवढं बघा. धंद्यातला तोटा पगारातून वजा होत नाही, पण रिटर्न मुदतीत भरलं तर ८ वर्षं पुढे ओढता येतो. पुन्हा धंदा केलात तर त्या नफ्यातून वजा होईल. नव्या कंपनीत पीएफचा जुनाच नंबर, यूएएन, द्या. आधीच्या नोकरीतले पेन्शनचे पैसे काढले नसतील तर ती वर्षं पेन्शनसाठी लागणाऱ्या १० वर्षांत धरली जातात.

परवा त्याच्या गाळ्यात डोकावलो. बोर्ड उतरवलेला, भिंतीवर त्याच्या मापाचा पांढरा चौकोन. काउंटरवर यूपीआयचा साउंडबॉक्स मात्र तसाच. त्याचं भाडं महिन्याला करंट अकाउंटमधून जातंय. खातं बंद करायच्या आधी तो परत कर म्हणावं. संध्याकाळी गाडीतून उतरला की गाठतो त्याला.