आयव्हीएफ, सात पिढ्या आणि बंद करायला सांगितलेलं इंजेक्शन

‘आयव्हीएफ करण्यापूर्वी हे वाचा, एपिजेनेटिक्सने उघड केलेलं सत्य’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या नाशिकच्या फॅमिली ग्रुपांवर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: आयव्हीएफच्या, म्हणजे टेस्ट ट्यूब पद्धतीने झालेल्या, मुलांची जनुकं प्रयोगशाळेत बदलतात, ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांना त्यांच्या डीएनएवर कायमचे डाग सापडले, ही मुलं ऑटिस्टिक होतात, पुढे वांझ निघतात, दोष सात पिढ्या उतरतो. आणि शेवटी उपाय: ट्रान्सफरनंतरची, म्हणजे प्रयोगशाळेत तयार झालेला एम्ब्रियो (भ्रूण) गर्भाशयात ठेवल्यानंतरची, हार्मोनची इंजेक्शनं ‘डाग पक्के करतात’, ती बंद करा आणि सोबत दिलेल्या नंबरवरून ‘जनुकशुद्धी काढा’ मागवा.

माझ्या मामेबहिणीचं नुकतंच ट्रान्सफर झालंय. निफाडच्या एका आत्याबाईंकडून सासूबाईंना आणि सासूबाईंकडून तिला, असा हा मेसेज आला. रात्री फोन. “ताई, आजचं इंजेक्शन घेऊ की नको?” मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, म्हणून मला विचारलं. मेसेज लिहिणाऱ्याने नाव दिलेलं नाही, तेव्हा उत्तर सगळ्यांसमोरच देते.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात, कारण बाकीच्यांनी झोप उडते, याने गर्भ जातो. ट्रान्सफरनंतर जे इंजेक्शन, जेल किंवा गोळी देतात ते प्रोजेस्टेरॉन. नैसर्गिक गरोदरपणात बीज सुटल्यावर बीजकोशात उरलेला पिवळा पिंड ते तयार करतो आणि गर्भाशयाचं अस्तर धरून ठेवतो. सात ते नऊ आठवड्यांच्या सुमारास वार (प्लासेंटा) हे काम हाती घेते. गोठवलेला एम्ब्रियो ठेवताना बऱ्याचदा अस्तर गोळ्यांनी तयार करतात. तेव्हा त्या महिन्यात बीज सुटतच नाही, म्हणजे पिवळा पिंडही नाही. शरीराचं स्वतःचं प्रोजेस्टेरॉन जवळपास शून्य. जे काही आहे ते त्या सुईतून येतंय. न गोठवलेला, ताजा एम्ब्रियो ठेवतानासुद्धा आधीच्या औषधांमुळे पिवळा पिंड लवकर दमतो, म्हणून आधार द्यावा लागतो. 1970 च्या दशकात डॉ. चापो यांनी दाखवलं होतं की सातव्या आठवड्याच्या आत पिवळा पिंड काढला तर गर्भ टिकत नाही, आणि बाहेरून प्रोजेस्टेरॉन दिलं तर टिकतो. तेलातलं ते इंजेक्शन दुखतं, जागेवर गाठी येतात, बसवत नाही, हे सगळं मान्य. दुखतं तर डॉक्टरला सांगा, काहींना दुसरा प्रकार देता येतो. मेसेज वाचून स्वतःच बंद करायची ही गोष्ट नव्हे.

आणि त्याऐवजी काय, तर काढा. त्यात काय आहे हे मेसेजमध्ये कुठेच नाही. 2012 मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने न्यूयॉर्कमधल्या सहा गरोदर बायकांची माहिती छापली. भारतातून आलेली आयुर्वेदिक औषधं घेऊन त्यांच्या रक्तात शिसं वाढलं होतं. प्रत्येक काढ्यात शिसं असतं असं मी म्हणत नाही. पण बाळाच्या डीएनएची एवढी काळजी असणाऱ्याने पाकिटावर घटक तरी लिहावेत.

आता ‘जनुकं बदलतात’. नाही बदलत. बीज आईचं, शुक्राणू बापाचा, भेट फक्त काचेच्या भांड्यात. एपिजेनेटिक्स म्हणजे जनुकाच्या अक्षरांना हात न लावता कोणतं जनुक चालू आणि कोणतं बंद, हे ठरवणाऱ्या खुणा. मेथिलेशन ही त्यातली सगळ्यात जास्त अभ्यासलेली. पिंपळगाव-दिंडोरीकडच्या वाचकांसाठी सांगायचं तर द्राक्षाची बाग थॉमसन जातीचीच राहते. छाटणी कधी आणि कशी झाली यावर कोणता डोळा फुटणार ते ठरतं. जात बदलत नाही, आणि पुढच्या एप्रिलात खरड छाटणी पुन्हा होते.

ही खरड छाटणीच ‘सात पिढ्यां’चं उत्तर आहे. फलनानंतर पहिल्या काही दिवसांत बहुतेक जुन्या खुणा पुसल्या जातात. पुढे त्याच गर्भात जेव्हा त्याची स्वतःची बीजपेशी किंवा शुक्राणूपेशी घडू लागते, तेव्हा त्या पेशींमध्ये दुसऱ्यांदा, आणखी कसून साफसफाई होते. जी शंभरेक जनुकं आईकडून आली की बापाकडून हे लक्षात ठेवतात, त्यांच्या खुणा पहिल्या पुसण्यातून वाचतात, पण दुसऱ्यात त्याही जातात आणि नव्याने बसतात. एका पिढीचा टप्पा ओलांडतानाच हा प्रकार आहे, आणि मेसेजवाल्याला सात हव्यात. सात हा आकडा प्रयोगशाळेतला नाहीच. त्र्यंबकला नारायण नागबलीसाठी येणाऱ्या कितीतरी जोडप्यांना आधी पितृदोष सांगितलेला असतो. श्रद्धेने कोणी विधी करत असेल तर माझं काही म्हणणं नाही. पण तोच दोष आता पांढरा कोट घालून आलाय, आणि बोट पुन्हा त्याच बाईकडे.

ऑस्ट्रेलियाचा अभ्यास मात्र खरा आहे. म्हणूनच जास्त चीड येते. मेलबर्नच्या मर्डॉक चिल्ड्रन्स रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी 2019 मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या विज्ञान-नियतकालिकात तो छापला. आयव्हीएफसारख्या उपचारांतून जन्मलेली दीडशेच्या आसपास माणसं, वय 22 ते 35. जन्मल्यावर टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब कार्डावर सुकवून ठेवलेला होता. तो काढला, मोठेपणीचं रक्त घेतलं आणि दोन्हींची तुलना नैसर्गिक गर्भधारणेतून झालेल्यांशी केली. जन्मावेळी मेथिलेशनमध्ये काही फरक सापडले. मोठेपणी त्यातले बहुतेक मावळले होते. हा निष्कर्ष शोधायला आत शिरायचीही गरज नाही, तो शोधनिबंधाच्या शीर्षकातच लिहिलाय. मेसेजवाल्याने शीर्षकाचा पहिला अर्धा भाग उचलला आणि दुसरा टाकून ‘कायमचे’ हा शब्द घरून आणला. ही माणसं जन्मली तेव्हाची तंत्रं आजच्याहून वेगळी होती, त्यामुळे हा अभ्यास आजच्या प्रत्येक पद्धतीला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण ज्या अभ्यासाचा आधार घेऊन तुम्ही घाबरवताय, तोच तुमच्या विरोधात बोलतो.

ऑटिझमचं पटकन. स्वीडनमध्ये 1982 ते 2007 या काळातल्या पंचवीस लाख जन्मांची नोंद तपासली, 2013 मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात छापली. आयव्हीएफ आणि ऑटिझमचा एकूण संबंध आढळला नाही. बौद्धिक अपंगत्वाचा धोका किंचित वाढलेला दिसला, पण एकेकट्या जन्मलेल्या मुलांपुरतं पाहिलं तर तोही उरला नाही.

वांझपण? जगातली पहिली आयव्हीएफ मुलगी लुईस ब्राउन हिला नैसर्गिक गर्भधारणेतून मूल झालं. तिच्या बहिणीला, तीही आयव्हीएफचीच, त्याही आधी. आपल्या मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये 1986 साली डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून जन्मलेली हर्षा चावडाही आई झाली. पुढे.

आता जे खरं आहे ते. नाइलाजाने नाही, पण मेसेजवाल्याच्या हाती कोलीत जाईल म्हणून जरा जपूनच सांगते. बेकविथ-विडेमन नावाचा एक आजार आहे. बाळ वजनाने मोठं, जीभ मोठी, बेंबीशी हर्निया, लहानपणी काही गाठींचा धोका. त्याचं कारण त्या आई-बाप लक्षात ठेवणाऱ्या जनुकांच्या खुणांमधला बिघाडच असतो, आणि आयव्हीएफच्या मुलांत तो अनेक पटींनी जास्त आढळतो, हे 2003 पासून माहीत आहे. पण एरवी तो दहा-पंधरा हजारांत एखाद्याला होतो. अनेक पटी वाढूनही काही हजारांत एक. जन्मजात व्यंगांचा 2012 चा दक्षिण ऑस्ट्रेलियाचा अभ्यास घ्या: उपचारातून झालेल्या मुलांत 8.3 टक्के, इतरांत 5.8. आईचं वय वगैरे हिशेबात धरल्यावर साध्या आयव्हीएफचा फरक पुसला गेला, इक्सीचा, म्हणजे एक शुक्राणू सुईने थेट बीजात सोडण्याच्या पद्धतीचा, राहिला. तो सुईमुळे की ज्या कारणाने इक्सी करावी लागली त्यामुळे, हे वेगळं करणं अवघड.

कमी दिवसांची, कमी वजनाची बाळं हा यातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात टाळता येण्याजोगा धोका. त्याचं मुख्य कारण एपिजेनेटिक्स नव्हे, जुळी. जुळ्यांपैकी निम्म्याहून जास्त 37 आठवड्यांच्या आत जन्मतात. आणि जुळ्यांचा आग्रह कोण धरतं? “एकाच खर्चात दोन होऊन जाऊ देत” हे वाक्य मी आमच्याच घरात ऐकलंय, सात पिढ्यांच्या दोषाचा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांच्याच तोंडून. तेव्हा क्लिनिकमध्ये जाऊन काही विचारायचंच असेल तर हे विचारा: एम्ब्रियो एकच ठेवणार ना? पुरुषाच्या तपासणीत दोष नसताना इक्सी कशासाठी? आणि प्रोजेस्टेरॉन नेमकं कितव्या आठवड्यापर्यंत घ्यायचं, ते कागदावर लिहून द्या.