घर कुणाचं? चिऱ्याला विचारा

नमस्कार. पणजीतल्या फोंताईन्हास या जुन्या वस्तीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘ही पोर्तुगीजांची घरं. गुलामीची खूण पडली तर पडू द्या, मराठीत त्यांचे गोडवे कशाला?’ तुमचा राग मला परका नाही. मुक्तिलढ्याच्या गोष्टी ऐकतच आम्ही वाढलो. पण हा राग घरांवर काढणं मला पटत नाही.

पोर्तुगीजांचं जे आहे ते आधी मान्य करते. जुन्या गोव्यातल्या साथींमुळे व्हाइसरॉय १७५९ मध्ये पणजीला आला, १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. आल्तिनोची टेकडी आणि खाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत ऐसपैस अंगणाला जागा कुठली? म्हणून घरं एकमेकांना खेटून, दार थेट रस्त्यावर. रस्त्यांची नावं, लोखंडी कठड्यांचे सज्जे, पांढरा रंग चर्चला राखून घरांना पिवळा-निळा-तांबडा देण्याची रीत, हे सारं त्यांचंच.

पण भिंत? ती चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. खाणीतून काढताना मऊ आणि वारा लागला की कडक होणारा हा दगड आपल्या देवळांतही आहे. छपरावरच्या मंगळुरी कौलांचा कारखाना १८६५ मध्ये जर्मन मिशनऱ्यांनी मंगळुरात काढला. खिडकीत काचेऐवजी बसवलेले चपटे शिंपले झुआरी नदीत चिखलीपाशी मिळतात; त्यांतून उजेड मऊ होऊन आत येतो, उन्हाची तिरीप मात्र बाहेरच राहते. छपराचा उतार पावसानं ठरवला आणि भिंती रचल्या इथल्याच गवंड्यांनी. त्या हातांना मी पोर्तुगीज कशी म्हणू?

आणि ‘पडू द्या’ म्हणणं सोपं आहे, पण इथं एक घर एकटं पडत नाही. मावशीचं घर फोंताईन्हासला लागूनच्या ‘मळा’ या भागात आहे, मारुतीच्या देवळाच्या पायथ्याशी. शेजारचं घर बरीच वर्षं बंद आहे, मालक परदेशात. तिथली कौलं सरकली, पाणी सामाईक भिंतीत मुरलं आणि मावशीच्या माजघरात ओल आली. गवंड्यानं त्यावर सिमेंटचा गिलावा केला. चिरा सच्छिद्र असतो, चुन्याच्या गिलाव्यातून त्याची ओल बाहेर पडते. सिमेंटनं ती आतच कोंडली. दोन पावसाळ्यांत गिलावा पोपडे धरून सुटला आणि आतला चिरा भुसभुशीत झाला होता. मावशी तिथं हात लावून नुसती उभी राहिली.

फोटो काढणाऱ्यांची गर्दी होते आणि दुरुस्तीचा खर्च राहणाऱ्यांच्या माथी येतो, हे तुमचं दुसरं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. त्यावर मी लिहायला हवं होतं, पुढच्या लेखात नक्की लिहीन.

सध्या सिमेंट खरवडून काढलंय, चुन्याचा पहिला हात झालाय. पलीकडची कौलं मात्र अजून तशीच आहेत, आणि मिरगाच्या आधी त्या मालकाला कसंही करून गाठायचं आहे.