हनिमूनला सिंह बघायला? हो!

केनियाला जायचं ठरलं तेव्हा नातेवाइकांचा पहिला प्रश्न होता, "तिकडे वाघ असतील ना गं?" नसतात. आफ्रिकेच्या जंगलात वाघ नाही, हे मी लग्नाच्या गडबडीत किमान 15 जणांना समजावलं. परत आल्यावर त्याच 15 जणांनी विचारलं, "मग, वाघ दिसला का?"

असो. मुद्द्याचं बोलते, कारण इनबॉक्समध्ये आमच्या केनियातल्या हनिमूनची सारखी विचारणा होतेय.

आमचं ठरवून झालेलं लग्न. ठरल्यापासून लग्नापर्यंत 4 महिने, आणि त्यातल्या बऱ्याच भेटींना सोबत कोणी ना कोणी होतंच. विमानात बसलो तेव्हा लग्नाला 19 दिवस झाले होते. नैरोबीत 2 रात्री, मसाई माराच्या अभयारण्यात 3, मग डियानीच्या किनाऱ्यावर 4 असा बेत होता. टूरवाल्याला 6 दिवसांत 3 जंगलं कोंबायची होती. "मॅडम, एवढ्या लांब जाताय तर सगळं बघून या." आम्ही ऐकलं नाही. तिकडच्या रस्त्यांवर एका जंगलातून दुसऱ्यात जाणं म्हणजे अख्खा दिवस गाडीत, आणि संध्याकाळी दोघंही एकमेकांवर खेकसणार.

नैरोबी बहुतेक जण फक्त विमान बदलण्यापुरतं धरतात. चूक आहे. शहराला अगदी खेटून 1946 सालचं राष्ट्रीय उद्यान आहे, एकाच फोटोत जिराफ आणि मागे उंच इमारती येतात. हत्तींची अनाथ पिल्लं सकाळी 11 ते 12 एवढाच तास बघता येतात, बुकिंग आधी करावं लागतं. तेवढ्या एका तासासाठीसुद्धा मी पुन्हा जाईन.

आता मारा. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोटं विमान जातं, पाऊण तासाचा प्रवास. सामान माणशी 15 किलो, हातातली बॅग धरून, आणि तेही मऊ पिशवीत. आमच्याकडे होत्या चकचकीत नव्या, कडक कवचाच्या दोन सुटकेस. त्या नैरोबीच्या हॉटेलात ठेवून एका सॅकमध्ये दोघांचं सामान कोंबलं. घाईत माझं जॅकेट सुटकेसमध्येच राहिलं. विषुववृत्ताजवळ कसली थंडी, असं वाटलं होतं. पण मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच आहे. पहाटे 6 ला उघड्या जीपमध्ये दात वाजायला लागले. गाइडने एक लाल चौकड्यांची मसाई शाल दिली. शुका म्हणतात तिला. एकच होती.

माझं मत सरळ आहे. या तिन्हीत सफारी सगळ्यात कमी रोमँटिक, आणि म्हणूनच नव्या जोडप्याने ती गाळू नये. शहरात आणि समुद्रावर आपण हनिमूनवाले असतो. टॉवेलचे हंस, पलंगावर पाकळ्या, वेटरचं ते विशेष हसू. सारखं आपलं खुललेलं दिसावं लागतं. जीपमध्ये अनोळखी चार जण, केसांत धूळ, आणि कोणाचंही लक्ष आपल्याकडे नाही. सगळे गवतात बघतायत. गप्प बसायचं असतं. तीन आठवड्यांच्या नवऱ्याशेजारी तासभर गप्प बसलं तरी काही बिघडत नाही, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या दिवशी वायरलेसवर खरखर झाली, "सिंबा, सिंबा". सिंबा म्हणजे सिंह. जाऊन बघतो तर नर-मादीची जोडी, कळपापासून लांब. गाइड अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "यांचाही हनिमून चालू आहे." अशी जोडी तीन-चार दिवस वेगळी राहते, दर 15-20 मिनिटांनी जवळ येते, खाण्यापिण्याकडे फारसं लक्ष नसतं. मग जीपमधल्या चौघांनी माना वळवून आमच्याकडे पाहिलं. नवरा दुर्बिणीची काच पुसत राहिला. बराच वेळ पुसली त्याने.

आणि दुसरी एक गोष्ट, जी कुठलाही टूरवाला सांगत नाही. सफारीत गाडीतून खाली उतरता येत नाही. गाइड सुरक्षित जागा बघून थांबवेपर्यंत कळ सोसायची. मला ते आधी नवऱ्याच्या कानात सांगावं लागलं, मग त्याने गाइडला. स्वाहिलीत याला 'दवा खणायला जाणं' म्हणतात. दवा म्हणजे आपलीच दवा, औषध. मी झुडपामागे आणि नवरा पाठ करून पहाऱ्यावर, एवढ्या तयारीनिशी मी दवा खणून आले. त्यानंतर आमच्यात औपचारिक असं काही उरलं नाही.

आम्ही फेब्रुवारीत गेलो. तेव्हा विल्डबीस्टचे, म्हणजे गायीसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचे, ते प्रसिद्ध कळप मारात नसतात, टांझानियात असतात. ते बघायचे तर जुलै ते ऑक्टोबर. पण 2024 पासून परदेशी माणसाला माराचं तिकीट जानेवारी ते जून दिवसाला 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर 200 डॉलर आहे. सिंह, हत्ती, चित्ते बारा महिने असतातच. मार्च ते मे मात्र टाळा, मोठा पाऊस.

नैरोबीला परतून सुटकेस उचलल्या आणि डियानीला जायला मोम्बासाची रेल्वे धरली, 5-6 तासांची. स्टेशनवर सगळ्यांच्या बॅगा ओळीने मांडतात आणि कुत्रे त्या हुंगत जातात. 2017 ला सुरू झालेली ही नवी लाइन त्सावोच्या जंगलातून जाते. खिडकीतून विटकरी रंगाचे हत्ती दिसले. तिथल्या लाल मातीत लोळून ते तसे होतात. इथली जुनी लाइन 1896 ते 1901 मध्ये बांधली गेली, तीही भारतातून नेलेल्या 30 हजारांहून जास्त मजुरांकडून. 1898 मध्ये त्सावोत दोन नरभक्षक सिंहांनी त्यातल्या कितीकांचा बळी घेतला. हे मी नवऱ्याला वाचून दाखवत होते, आणि तो घोरत होता.

डियानीबद्दल फार लिहीत नाही. पांढरी वाळू, ओहोटीला पाणी पार दूर जातं, आणि माकडं नाश्त्याच्या ताटावर टपलेली. समुद्रात उतरताना रबरी बूट घाला, खडकांत काटेरी सी अर्चिन असतात. चार रात्री तिथे फक्त झोपलो, आणि त्यासाठीच समुद्र शेवटी ठेवा म्हणते. आधी ठेवलात तर पहाटे 5 ला उठायच्या नावाने भांडण ठरलेलं.

राहिलं ते पटकन सांगते. व्हिसा 2024 पासून नाही, पण ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाचा परवाना, काढावाच लागतो. यलो फीव्हरची लस निघायच्या किमान 10 दिवस आधी घ्या, परत येताना भारतात कार्ड विचारतात. प्लास्टिकच्या पिशव्यांवर तिथे 2017 पासून बंदी आहे. आम्हाला हे आदल्या रात्री कळलं, आणि प्रत्येक चप्पल, प्रत्येक साबण पिशवीतून काढत 1 वाजेपर्यंत बसलो होतो. आणि जॅकेट सॅकमध्ये ठेवा.

किंवा नका ठेवू.